सुपरहिरोला सगळंच जमतं, मग खेळणाऱ्याच्या पोटात गोळा कधी येतो?

तुमचा प्रश्न आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही गेले सहा रविवार पाच जणांना घेऊन सुपरहिरो कॅम्पेन चालवताय, म्हणजे टेबलाभोवती बसून, बोलत आणि फासे टाकत खेळायच्या भूमिकांच्या खेळातली (रोलप्लेइंग गेम) अनेक बैठका चालणारी गोष्ट, आणि ती कोल्हापुरातच घडते. एकाच्या हिरोला उडता येतं आणि भरलेला ट्रक उचलता येतो. गोष्टीत जीव यावा म्हणून तुम्ही त्याच्या बहिणीला पळवून नेलंत. तो म्हणाला, "बरं. मी उडतो, शोधतो, घेऊन येतो." तीन रोल झाले, म्हणजे तीनदा फासा टाकला, आणि बहीण घरी. कुणालाच काही वाटलं नाही. मग तुम्ही व्हिलन तगडा केलात, तर लढाई नुसती लांबली. शक्तीला मर्यादा घातलीत, तर तो खेळाडू रुसला. आता तुम्ही विचारताय की शक्ती आणि भावना यांचा तोल साधायचा कसा.

मी १४ वर्षं गेम मास्टर म्हणून, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि हिरो सोडून बाकीची पात्रं बोलणारा म्हणून बसतोय. दिवसभर उद्यमनगरात वर्कशॉप आणि रविवारी दुपारी आमच्या माडीवर टेबल. यातली निम्म्याहून जास्त वर्षं सुपरहिरोच चालवलेत. तुम्ही ज्या जागी अडकलाय तिथं मी जवळजवळ दोन वर्षं अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे 'तोल' हा शब्दच आपल्याला फसवतो. तोल म्हटलं की तराजू डोळ्यांसमोर येतो, आणि मग वाटतं की भावनेचं पारडं खाली यायला हवं असेल तर शक्तीच्या पारड्यातलं काहीतरी काढून घ्यायला हवं. माझा अनुभव वेगळा आहे. तुमच्या सेशनमध्ये शक्ती जास्त झाली नव्हती. तुम्ही त्या हिरोला जो प्रश्न विचारलात, तो शक्तीनंच सुटणारा होता. बहीण कुठं आहे आणि तिथवर कसं पोचायचं, हा अंतराचा आणि भिंतीचा प्रश्न आहे. उडणाऱ्याला अंतर नाही, ट्रक उचलणाऱ्याला भिंत नाही. व्हिलन तगडा केलात तेव्हा प्रश्न तोच राहिला, घाम तेवढा जास्त गाळावा लागला. आणि शक्ती कापलीत तेव्हा खेळाडूला वाटलं की ज्या गोष्टीसाठी तो या टेबलावर आला तीच तुम्ही काढून घेतलीत. त्याचं रुसणं मला रास्त वाटतं.

आता, सगळ्या टेबलांना एकच औषध लागू पडत नाही. तुमची पोरं १२-१३ वर्षांची असतील आणि त्यांना फक्त रोबोट फोडायचे असतील, तर फोडू द्या, त्यात काही कमी नाही. एका बैठकीत संपणारी गोष्ट असेल तर मी खाली सांगतोय त्यातलं निम्मं जमणार नाही, कारण नाती रुजायला सेशन लागतात. नियम कुठले वापरताय यावरही थोडंफार अवलंबून आहे. पण तुम्ही लिहिलंय की सगळे पंचविशीच्या पुढचे आहेत आणि वर्षभर चालवायचा विचार आहे. ते धरून बोलतो.

नियमांचं आधी उरकून घेऊ. तुम्ही म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स या सुपरहिरो खेळाच्या नियमांची तिसरी आवृत्ती वापरताय. त्यात पॉवर लेव्हल १० ला (हिरोंच्या ताकदीची पातळी) हिरो बनवायला १५० पॉईंट मिळतात, आणि हल्ल्याचा बोनस (नेम) अधिक त्या हल्ल्याची रँक (फटक्याचा जोर) ही बेरीज २० च्या वर जाऊ देत नाहीत. बचावाच्या बाजूलाही तसंच. म्हणजे एकाचा नेम अचूक तर फटका हलका, दुसऱ्याचा फटका जड तर नेम ढिला. ही झाली जोड लावणं. कुस्तीच्या मैदानात जशी वजन आणि तयारी बघून जोड लावतात, तसंच. जोड नीट लागली तर कुस्ती बघायला मजा येते, एवढंच काम त्या आकड्यांचं आहे आणि ते काम ते उत्तम करतात. पण पैलवान कुणासाठी लढतोय, हरला तर घरी कुठल्या तोंडानं जाणार, हे जोड लावणाऱ्याला ठरवता येत नाही. त्यासाठी त्याच पुस्तकात दुसरी सोय आहे, ती म्हणजे कॉम्प्लिकेशन्स, हिरोच्या आयुष्यातले गुंते. प्रत्येक हिरोला कमीत कमी दोन घ्यावीच लागतात, त्यातली एक त्याची प्रेरणा. त्यातून अडचण आली की खेळाडूला हिरो पॉईंट मिळतो, जो पुढं निकडीच्या वेळी खर्च करता येतो. तुमच्या खेळाडूंच्या कागदावर, जिथं हिरोची सगळी माहिती असते, त्या दोन ओळींत काय लिहिलंय ते एकदा काढून बघा. मी बघितलेल्या दहापैकी सात कागदांवर 'न्याय' आणि 'गुप्त ओळख' एवढंच असतं. एवढ्यावर गोष्ट उभी राहत नाही.

मी काय करतो ते सांगतो. कॅरेक्टर बनवताना, फासा हातात घ्यायच्या आधी, मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: या शक्तीमुळं तुला कोणती साधी गोष्ट करता येईनाशी झाली?

घाई करू देत नाही. पहिलं उत्तर बहुतेक वेळा कामाचं नसतं. "मला मित्र राहिले नाहीत" वगैरे येतं. मी म्हणतो, साधी गोष्ट सांग, रोजची. मग खरं बाहेर यायला लागतं. मन वाचणारी एक हिरॉईन होती. ती म्हणाली, "मी रस्सा केला की घरचे छान झालाय म्हणतात. आता मला कळतं कोण खरं बोलतंय." फार वेगानं पळणाऱ्या एकानं सांगितलं की त्याला आजीशी बोलवत नाही, कारण आजीचं एक वाक्य संपेपर्यंत त्याच्या डोक्यात अर्धा तास जातो. आणि आमच्या टेबलावरचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचं. तिच्या हिरॉईनच्या कातडीतून काही म्हणजे काही आरपार जात नाही. गोळी नाही, कोयता नाही. ती बराच वेळ विचार करत होती आणि मग म्हणाली, "मला रक्त देता येणार नाही. सुई जाणार नाही."

त्या वाक्यातून मला पुढं तीन महिन्यांची गोष्ट मिळाली. तिच्या भावाला अपघात झाला. सीपीआर रुग्णालयाच्या रक्तपेढीत नर्सनं तिचा दंड बांधला, सुई टेकवली, सुई वाकली. दुसरी घेतली, ती वाकली. बाकी कुणाचा गट जुळत नव्हता असं नाही, दोन तासांत रक्त मिळालं, भाऊ वाचला. मला तो मारायचाच नव्हता. पण ते दोन तास ती बाकावर बसून होती. गोळ्या झेलणारी पोरगी, आणि स्वतःच्या भावाला एक बाटली देऊ शकत नाही. तिची शक्ती मी जराही कमी केली नव्हती. उलट ती पुरेपूर होती म्हणूनच तो प्रसंग घडला.

माझं सगळं म्हणणं याच दिशेनं जातं. शक्ती जिथं संपते तिथं भावना शोधायला जाऊ नका. शक्ती जिथं पूर्ण चालते आणि तरी माणूस मोकळ्या हातानं उभा राहतो, अशी जागा शोधा. आणि ती जागा खेळाडूकडूनच काढून घ्या, कारण त्यानं स्वतः शोधलेली अडचण तो कधीच "माझी शक्ती काढून घेतली" म्हणून नाकारत नाही.

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग जरा जवळून सांगतो.

खेळाडू फौंड्रीत सुपरवायझर, बोलायला कमी. त्याच्या हिरोचं नाव वज्रा. ताकद अशी की उसानं भरलेली, उलटलेली ट्रॉली एका हातानं सरळ करील. माझ्या त्या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं होतं, "कुस्ती." बाप शिवाजी पेठेतल्या एका तालमीचा वस्ताद. पोरानं एकदा खासबागेच्या कुस्ती मैदानात मोठी कुस्ती मारावी, एवढीच त्याची इच्छा. शक्ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरानं लंगोट खुंटीला लावला, कारण आता कुणाशीही लढणं म्हणजे फसवणूक. कारण सांगायची सोय नाही. बापानं धरून चाललं की पोरगं भ्यालं.

अकरा सेशन मी ही गोष्ट फक्त असू दिली. आबा, म्हणजे वज्राचा बाप, अधूनमधून दिसायचे. एकदा जेवताना, न बोलता भाकरी पुढं सरकवताना. एकदा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथं दुसऱ्या तालमीच्या वस्तादानं विचारलं, "पोरगं काय करतंय सध्या?" आणि आबांनी म्हशीच्या भावाचा विषय काढला. एकदा त्यांनी वज्राच्या टीममधल्या दुसऱ्या एका पोराला, तो कोण आहे हे माहीत नसताना, रस्त्यात थांबवून पाठ सरळ ठेवायला सांगितलं. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. टेबलावरच्या पाचही जणांना आबा ओळखीचे झाले, कुणी कुणी त्यांची नक्कलही करायला लागलं.

बाराव्या सेशनला पहाटे आबा तालमीत एकटे. माती नुकतीच कुदळीनं मोकळी केलेली, ताक, तेल आणि हळदीचा वास. पोरगं दारात दिसल्यावर म्हणाले, "ये. एकदा माझ्याशी धर."

त्या खेळाडूनं सवयीनं वीस बाजूंचा फासा उचलला. मी म्हटलं, ठेव. तू जिंकशील हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, त्याला फासा कशाला? तो थांबला. अंगठ्यानं तो लाल फासा टेबलावर फिरवत बसला. शेजारच्याचा हात भडंगाच्या पातेल्यात गेलेला होता, तो तसाच राहिला. मी काही बोललो नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण गेम मास्टरला शांतता भरून काढायची खोड असते. त्या दोन मिनिटांत तो काय मोजत होता ते सगळ्यांना दिसत होतं. मुद्दाम हरावं, तर सैल सोडलेलं अंग वस्तादाला कळल्याशिवाय राहणार नाही. जिंकावं, तर साठीच्या बापाला त्याच्याच तालमीत पाठीवर टाकायचं. खरं सांगावं, तर इतके दिवस ज्यासाठी लपवलं ते वाया.

शेवटी तो म्हणाला, "मी सलामी देतो. धरतो. जोर लावत नाही."

मी आबा होऊन विचारलं, "तुला धरवंना झालंय, का धरायचंच न्हाई?"

परत थोडा वेळ. मग तो म्हणाला, "आबा, धरलं तर तुमचं हाड मोडंल."

अक्षरशः खरं बोलला होता तो. आणि तेच बापाला मस्तीचं वाटू शकतं, हेही त्याला बोलून झाल्यावर कळलं. तेव्हा मी फासा टाकायला सांगितला. प्रश्न एकच: आबांना यातलं खरं ऐकू येतं का? फाशावर ६ पडले, वीसात ६ म्हणजे नाही. आबांनी अंगावरची माती झटकली, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि ते बाहेर गेले.

पुढचे चार महिने आमचं कॅम्पेन त्या एका रोलवर चाललं. जगबुडी नाही, परग्रहावरचं सैन्य नाही. टीममधले बाकीचे चौघं आपणहून तालमीच्या आसपास घुटमळायला लागले. एकानं तर व्हिलनचा पाठलाग अर्ध्यावर सोडून आबांना औषधाच्या दुकानात सोडलं.

यात तीन गोष्टी जुळून आल्या होत्या असं मला वाटतं. शक्तीनंच ती अडचण तयार केली होती. आबा आधी तीनदा येऊन गेले होते, तेही कुठल्याच संकटाविना. आणि फासा जिथं खरंच शंका होती तिथंच पडला. ताकदीबद्दल शंका नव्हती, बाप समजून घेईल का याबद्दल होती. तुमच्या बहिणीच्या प्रसंगात यातली दुसरी गोष्ट नव्हती, असा माझा अंदाज आहे. अपहरणाच्या आधी ती बहीण टेबलावर किती वेळा आली होती? तिला काय आवडतं, ती भावावर कशावरून चिडते, हे बाकीच्या चौघांना माहीत होतं का? माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये मीही एका हिरोच्या बायकोला पुलावरून खाली लटकवलं होतं, आणि तो खेळाडू कागद उलटून तिचं नाव शोधत होता. माणूस आधी लागतो, संकट मागून.

नातेवाईक संकटात टाकायची ही पद्धत जुनी आहे. चॅम्पियन्स या १९८१ सालच्या खेळात तिला नियमाचं रूप मिळालं. तुमच्यावर अवलंबून असलेलं एखादं माणूस कागदावर लिहा, त्याबदल्यात शक्तीला जास्तीचे पॉईंट घ्या. मग दर गोष्टीच्या सुरुवातीला सहा बाजूंचे ३ फासे टाकायचे. तुम्ही ठरवलेला आकडा किंवा त्याहून कमी आला, तर ते माणूस अडचणीत. आकडा ११ असेल तर शक्यता साडेबासष्ट टक्के, १४ असेल तर नव्वदच्या वर. म्हणजे दहातल्या नऊ वेळा मावशी कुणाच्या तरी तावडीत. मी हे वर्षभर चालवलंय. होतं काय, की खेळाडूला त्या मावशीचा कंटाळा येतो. ती माणूस राहत नाही, वीजबिलासारखी होते, ठरलेल्या वेळी येते आणि भरून टाकायची. आणि पुढच्या कॅम्पेनला सगळेच्या सगळे अनाथ हिरो घेऊन येतात. ज्याचं कुणीच नाही त्याचं काय पळवून नेणार? खेळाडू अनाथ हिरो आणतोय म्हणजे आधीच्या कुठल्यातरी गेम मास्टरनं त्याच्या माणसांना नीट वागवलेलं नाही, असं मी धरून चालतो.

म्हणून मी एक रजिस्टर ठेवतो. दर हिरोमागं तीन माणसं. एक ज्याला गुपित माहीत आहे, एक ज्याला नाही, आणि एक असं की ज्याला तो हिरो आवडत नाही पण त्यामागचा माणूस आवडतो, किंवा उलट. या तिसऱ्यात फार जीव आहे. वज्राच्या बाबतीत आबांना तो 'रात्री गाड्या उचलणारा' फार आवडायचा. पेपरातलं कात्रण त्यांनी तालमीत लावलं होतं. प्रत्येक नावापुढं मी ते माणूस शेवटचं कधी दिसलं ते लिहितो आणि संकटात होतं की नव्हतं तेही. संकटाविना दोनदा आल्याशिवाय त्याला संकटात टाकायचं नाही, हा माझा मलाच घातलेला नियम. आणि दर दोन सेशनला त्यातल्या कुणीतरी हिरोच्या उपयोगी पडायचं. डबा आणून द्यायचा, पोलिसांना चुकीची दिशा दाखवायची, काहीही.

नियमांतून मदत हवीच असेल तर मास्क्स या २०१६ सालच्या खेळाकडे एकदा बघा. तरुण सुपरहिरोंचा खेळ आहे. त्यात हिरोला फटका बसला की जखमेचे आकडे कमी होत नाहीत, त्याला भीती, राग, अपराधभाव, निराशा, असुरक्षितता यातलं काहीतरी चिकटतं, आणि ते उतरवायला काहीतरी वागावं लागतं. राग उतरवायचा तर कुणाला तरी दुखवायचं किंवा महत्त्वाचं काहीतरी मोडायचं. अपराधभाव उतरवायचा तर काहीतरी त्यागायचं. दुसरं असं की मोठ्या माणसांचा त्या पोरांवर सुरुवातीपासूनच प्रभाव धरलेला असतो. काका म्हणाला "तू धोकादायक आहेस", तर कागदावरचे आकडेच सरकतात, धोक्याचा वर जातो आणि दुसरा एखादा खाली येतो. आपल्याकडं हे समजावून सांगावंही लागत नाही. पेठेतल्या कुठल्याही पोराला विचारा, शेजारच्या काकूंच्या एका वाक्यानं दिवस कसा फिरतो. मी म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स चालवतानाही त्या पाच भावनांच्या चिठ्ठ्या वापरतो. लढाईत मोठा फटका बसला की खेळाडू एक चिठ्ठी निवडतो आणि समोर ठेवतो. ती पुढच्या शांत प्रसंगात वागून दाखवली की चिठ्ठी परत आणि एक हिरो पॉईंट. नियमाला धक्का लागत नाही, आणि लढाईचं ओझं लढाईनंतरच्या प्रसंगात आपोआप उतरतं.

आता पूर. हे लिहावं की नाही असा विचार केला, पण तुमची गोष्ट कोल्हापुरातली आहे, कधी ना कधी पंचगंगा येणारच.

मी एकदा महापुराचं सेशन चालवलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. मी कागदाच्या पट्टीवर ३९ पासून पुढचे फूट लिहून ती टेबलाच्या मधोमध ठेवली आणि दर फेरीला खडू एक फूट पुढं सरकवला. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी मध्येच दिली. पाणी चढणं कुणाच्याही शक्तीनं थांबत नव्हतं, पण माणसं वाचवणं जमत होतं, आणि त्यांनी ती वाचवली. नदीकाठची दोन गावं, दोन्हींतली सगळी माणसं बाहेर. तिसरा मार्ग शोधतात खेळाडू, नेहमी शोधतात, आणि तो सापडला तर आडवं जाऊ नका. "हे वाचव नाहीतर ते" असला पेच सारखा टाकला की त्यांना कळतं की उत्तर तुम्ही आधीच ठरवलंय.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशीचा. शाळेच्या वर्गात लोकांना ठेवलेलं, बाकं भिंतीला लावलेली. दुसऱ्या गावातली एक बाई वज्राला विचारते, "तिकडं आधी का गेलासा?" तिच्या दोन म्हशी गोठ्यात बांधलेल्या राहिल्या होत्या. आवाज चढलेला नाही, रडणं नाही, नुसतं विचारणं. पहिल्या गावात टीममधल्या एकाची आत्या राहत होती, म्हणून ते आधी तिकडं गेले होते. टेबलावर पाचही जणांना हे माहीत होतं. कुणी उत्तर दिलं नाही. पाच मिनिटांचा प्रसंग, आणि अजूनही आमच्यात त्याच्याबद्दल बोलणं निघतं. जिंकल्यानंतर विचारलेला साधा प्रश्न हरवण्यापेक्षा जास्त आत जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

पण त्या दिवशी माझी एक चूकही झाली. एक खेळाडू तिसऱ्या फेरीपासून गप्प होता. मला वाटलं रंगलाय. सेशन संपल्यावर जिन्यात म्हणाला, "दादा, एकोणीसला आमच्या घरात पोटमाळ्यापर्यंत पाणी होतं. ती पट्टी बघवंना मला." मी त्याला आधी विचारलंच नव्हतं. २०१९ आणि २०२१ इथं कुणाच्या घरात काय झालं हे आपल्याला वरून दिसत नाही. तेव्हापासून असा विषय काढायच्या आधी मी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारतो, आणि टेबलावर एक्स-कार्ड ठेवतो. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी सुचवलेली साधी पद्धत आहे. फुली मारलेलं कार्ड, कुणीही त्याला बोट लावलं की तो भाग तिथंच सोडून पुढं जायचं, कारण विचारायचं नाही. भावना टेबलावर आणायच्या असतील तर हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

तुम्ही ओघात असंही लिहिलंय की पाचातल्या एकाकडं फारशी शक्तीच नाही, तो पत्रकार आहे, आणि उडणाऱ्यापुढं झाकला जातो. त्याला शक्ती वाढवून देऊ नका. वर सांगितल्याप्रमाणं प्रश्न बदललेत की तो आपोआप पुढं येतो, कारण शाळेतल्या त्या बाईशी बोलायला ताकद लागत नाही. फक्त वेळ मोजा. साडेतीन तासांच्या सेशनमध्ये लढाईला मी एक तास देतो, सव्वा होऊ देत नाही.

आता तुमच्या पुढच्या रविवारचं. नवा व्हिलन आणू नका, शक्तींना हात लावू नका. जी शक्ती कापलीत ती त्या खेळाडूला परत द्या, आणि सगळ्यांसमोर द्या. जे फुकट गेलं असं तुम्हाला वाटतंय ते फुकट गेलेलं नाही. अपहरण होऊन गेलंय आणि बहीण घरी आलीय, आता तिचं काय? दोन रात्री ती झोपलेली नसेल. आईनं कॉलेज बंद केलं असेल, पुण्याला मामाकडं पाठवायचं घरात चाललं असेल. बाकीच्या चौघांनाही त्या घरात काहीतरी काम द्या. कुणी तिची मैत्रीण, कुणी जबाब घ्यायला आलेला हवालदार, तासाभरापुरतं. आणि तो पत्रकार आहेच, त्याला बातमी हवी असणार.

सुरुवात गच्चीवरून करा. संध्याकाळ, खाली कुकरची शिट्टी, ती वाळत घातलेले कपडे काढतेय. भाऊ वर येतो. मला कुठं ठेवलं होतं ते पोलिसांना ठाऊक नव्हतं, घरच्यांना ठाऊक नव्हतं, हे तिच्या डोक्यात दोन दिवस फिरतंय. ती घडी घालता घालता, त्याच्याकडं न बघता विचारेल, "दादा, तू चार मिनिटांत कसा काय पोचलास?"

तेवढं बोलून तुम्ही गप्प बसा. तो काय म्हणाला ते मला जरूर कळवा.